राउटर बदलल्यावर घरचे दप्तर बाहेरून दिसेनासे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन महिन्यांपूर्वी डोंबिवलीतील आमच्या घरची इंटरनेट जोडणी जुन्या टेलिफोन तारेवरून फायबरवर नेण्यात आली. वेग वाढला आणि बिलही थोडे उतरले, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र या बदलात ग्राहकाकडून जे काढून घेतले जाते त्याची कल्पना त्याला कोणीही देत नाही, आणि हा अनुभव माझ्या एकट्याचा नसावा असे वाटल्याने हा पत्रप्रपंच.

आमच्या दिवाणखान्यातील कपाटात दोन हार्ड डिस्क बसणारी एक छोटी पेटी आहे. जाणकार तिला ‘नॅस’ म्हणतात. घरच्या नेटवर्कला जोडलेली आणि घरातील सर्वांना सामाईक असलेली साठवण, एवढाच तिचा अर्थ. रायगड जिल्ह्यातील जमिनीचे जुने सातबारे व फेरफार, आजोबांच्या हातची मोडी पत्रे आणि तीन पिढ्यांची छायाचित्रे मी निवृत्तीनंतर एकेक करून स्कॅन केली आणि या पेटीत लावून ठेवली. कॅनडातील मुलगी आणि नाशिकचा धाकटा भाऊ आपापल्या घरून ती उघडत असत. नवा राउटर बसला त्याच रात्री मुलीचा निरोप आला, “बाबा, पेटी उघडत नाहीये.”

पहिला दोष घरातच निघाला. नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाला आकड्यांचा एक पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या राउटरचे घरगुती पत्ते १९२.१६८.० ने सुरू होत, नव्याचे १९२.१६८.१ ने सुरू होतात. पेटीला मी पूर्वी हाताने १९२.१६८.०.५० हा कायमचा पत्ता लावून दिला होता. त्यामुळे नव्या राउटरच्या लेखी ती परक्या गावची झाली आणि बाहेरून सोडाच, शेजारच्या खोलीतूनही सापडेना. तिचा हिरवा दिवा मात्र काहीच न घडल्यासारखा लुकलुकत होता. अखेर लॅपटॉप केबलने थेट पेटीला जोडून त्याला १९२.१६८.०.१० असा तात्पुरता पत्ता दिला, पेटीच्या सेटिंगमध्ये शिरून राउटरकडून आपोआप पत्ता घेण्याची सोय सुरू केली, आणि नंतर राउटरमध्ये पेटीच्या मॅक क्रमांकापुढे (उपकरणाला कारखान्यातच मिळालेल्या ओळख क्रमांकापुढे) एक पत्ता राखून ठेवला. हेच आधी केले असते तर नव्या राउटरने पेटीला निमूटपणे आपल्यात सामावून घेतले असते.

दुसरा दोष माझ्या निष्काळजीपणाचा. बाहेरून आलेली मागणी घरातील कोणत्या उपकरणाकडे धाडायची याचे नियम, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग, जुन्या राउटरमध्ये लिहिलेले होते. बदलत्या आयपी पत्त्यामागे एक स्थिर नाव चालू ठेवणारी डायनॅमिक डीएनएसची नोंदही त्यातच होती. तंत्रज्ञाने जुना राउटर पिशवीत घातला तेव्हा या दोन्ही गोष्टी त्याच्याबरोबर गेल्या. त्या पानांचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवायला दोन मिनिटेही लागली नसती. आठवून आठवून सर्व नोंदी पुन्हा केल्या आणि मोबाइलचे वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावरून तपासणी केली. (घरच्याच वाय-फायवरून बाहेरचा पत्ता टाकून पाहण्यात अर्थ नसतो, कारण काही राउटर ती मागणी आतल्या आत वळवतात आणि काही वळवत नाहीत, दोन्ही बाजूंनी दिशाभूलच होते.) पेटी तरीही उघडली नाही.

आता खरी गोम कळली. राउटरच्या माहितीपानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० ने सुरू होणारा दिसत होता, तर ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर निराळाच पत्ता येत होता. दोन्ही पत्ते एकच असते तर दोष माझ्या नोंदींत शोधला असता. ते जुळत नाहीत याचा अर्थ माझ्या राउटरच्या पुढे आणखी एक फाटक आहे, आणि त्याची किल्ली माझ्याकडे नाही. कधी कधी हे फाटक घरातच असते. कंपनीची फायबरची पेटी स्वतःच राउटरचे काम करते आणि आपण तिच्यामागे आपला राउटर लावतो. तसे असेल तर त्या पेटीला ‘ब्रिज मोड’वर टाकून, म्हणजे तिचे राउटरपण बंद करून, काम भागते, आणि तिथला पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू झालेला दिसतो. पण दुसरा आकडा ६४ ते १२७ यांमधला असलेला १०० चा पत्ता कंपन्यांच्या सामाईक फाटकासाठी एप्रिल २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवलेल्या पट्ट्यातला असतो. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. तिच्यात अनेक घरे मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. आतून बाहेर जाणाऱ्याला अडचण येत नाही. बाहेरून आपणहून आलेल्याला मात्र कोणत्या घरी पाठवायचे हे फाटकाला कळत नाही आणि तो तिथूनच परत जातो. मी घरच्या राउटरमध्ये कितीही नियम लिहिले तरी त्यांचा उपयोग शून्य.

कंपन्यांनी हे हौसेने केले आहे असे मी म्हणणार नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, सारे मिळून सुमारे ४२९ कोटीच पत्ते होऊ शकतात. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. उपाय म्हणून कितीतरी अधिक पत्ते देणारी नवी पद्धत, आयपीव्ही६, आहे आणि आपल्या दूरसंचार विभागाने त्याचा राष्ट्रीय आराखडा जुलै २०१० मध्येच काढला होता. माझ्या नव्या जोडणीवर आयपीव्ही६ चालतेही; पण राउटरची फायरवॉल बाहेरून येणारे सारे अडवते, तिच्यात पेटीपुरती वाट ठेवण्याची सोय कंपनीने दिलेल्या राउटरवर ग्राहकाला उघडी नाही, आणि मुलीच्या घरी आयपीव्ही६ नाही.

माझा आक्षेप आहे तो मौनावर. ग्राहक सेवा केंद्राला मी पाच वेळा दूरध्वनी केला. चार वेळा “सर, राउटर रिस्टार्ट करून पाहा” हेच उत्तर मिळाले, त्यात एकदा “तुमच्या पेटीत बिघाड असेल” अशी भरही पडली. पाचव्या वेळी एका तरुण तंत्रज्ञाने प्रामाणिकपणे सांगितले, “सर, नव्या प्लॅनमध्ये पब्लिक आयपी येत नाही. स्टॅटिक आयपी घ्यावा लागेल, त्याचे वेगळे पैसे पडतील.” जुन्या जोडणीवर जे न मागता मिळत होते ते आता अधिक पैसे मोजून घ्यायचे आहे, ही गोष्ट अर्जावर, पावतीवर किंवा संदेशात कुठेही लिहिलेली नव्हती. घराबाहेरून सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरशी थेट जोडले जाणाऱ्या दुकानदारालाही हाच फटका बसतो, आणि तो बिचारा दोष कॅमेऱ्याला देतो.

चिडून राउटरमधील दारे सताड उघडण्याचा, म्हणजे यूपीएनपी (उपकरणे आपली दारे आपणच उघडून घेतात) किंवा डीएमझेड (बाहेरून येणारे सारे एकाच उपकरणाकडे धाडले जाते) चालू करण्याचा, सल्लाही मला मिळाला. सीजीनॅटमागे त्याने काही साधत नाही, आणि सार्वजनिक पत्ता असेल तर ते धोक्याचे आहे. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रणालीने थेट इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस पेट्यांमधील फायली कुलूपबंद करून प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले होते. माझी पेटीही इतकी वर्षे तशीच उघडी होती, हे आज आठवले की अंगावर काटा येतो. आता मी पेटीवर, मुलीच्या लॅपटॉपवर आणि भावाच्या संगणकावर टेलस्केल हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून आपल्याच उपकरणांना जोडणारे खासगी जाळे, बसवले आहे. यात दोन्ही टोके आतून बाहेर पडून एकमेकांना गाठतात, त्यामुळे फाटक आड येत नाही आणि राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावे लागत नाही. थेट गाठ न पडल्यास माहिती मधल्या सर्व्हरमार्गे जाते आणि वेग मंदावतो, तेवढे सोसावे लागते. टेलस्केलही उपकरणांना १०० च्या त्याच पट्ट्यातले पत्ते देते, हे पाहून मी काही काळ चक्रावलो होतो. पण त्यांचा कंपनीच्या फाटकाशी संबंध नाही.

हे सारे मला जमले, कारण माझी नोकरी तारा आणि यंत्रे यांतच गेली. कंपन्यांनी जोडणीच्या अर्जावर एकच ओळ छापावी: ग्राहकाला सार्वजनिक पत्ता मिळेल की सामाईक, आणि सार्वजनिक हवा असल्यास दरमहा किती रुपये पडतील. जुना राउटर नेण्यापूर्वी त्यातील नोंदी उतरवून घेण्याची आठवण तंत्रज्ञाने करून द्यावी. या दोन मागण्या मी कंपनीला लेखी कळवल्या आहेत. दुसऱ्याच दिवशी ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा संदेश आला आणि तक्रार बंद करण्यात आली.

आपला,
एक निवृत्त अभियंता,
डोंबिवली (पूर्व)