थडगी बघायला का गेलो

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

"समुद्र सोडून थडगी कसली बघत बसलात?" असं तू फोनवर विचारलंस. ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो.

माल्टा बेटावर एम्दिना गाव आहे ना, तिथेच रोमन काळात जुनं मेलिते शहर होतं. रोमन कायद्याने शहरात दफनाला मनाई, त्यामुळे तटाबाहेर, आजच्या रबातमध्ये, दफनभूमी पसरली. त्याच्याही आधी लेबनॉनच्या किनाऱ्यावरून आलेले फिनिशियन दर्यावर्दी याच बेटावर खडकात उभा खड्डा खणून तळाशी खोली कोरत, आणि मृतासोबत मडकी, दिवे ठेवत. पुढे रबातमध्ये अशा खोल्या वाढवत, एकमेकींना जोडत भुयारं तयार झाली. आज ती संत पॉलच्या नावाने ओळखली जातात. एकट्या मुख्य भुयाराचा पसारा २००० चौरस मीटरहून मोठा आहे.

ख्रिस्ती लोक रोमन राजवटीच्या छळाला भिऊन इथे लपत, असं अजूनही सांगतात. मला ते पटत नाही. इथली बरीचशी दफनं चौथ्या शतकापासूनची, म्हणजे तो छळ थांबल्यानंतरची. शिवाय लपायला आलेला माणूस एवढ्या निगुतीने कमानी कोरत बसेल का? काही थडग्यांवर ज्यूंची सात फाट्यांची समई कोरलेली आहे. ज्यू काय, ख्रिस्ती काय, मेल्यावरही ही माणसं शेजारीच राहिली.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो दगडी मेजापाशी. अखंड खडकातून कोरलेलं गोल मेज, उंच काठाचं, आणि भोवती रेलून बसायला उतरता कट्टा. नातेवाईक इथे, थडग्यांच्या सोबतीने, गेलेल्या माणसाच्या आठवणीत जेवत. पितृपक्षात आजीचं पान वाढताना तुझी आई गप्प होते, ते आठवलं. आणि भिंतींत हातभर लांबीचे कोनाडे आहेत, तान्ह्या मुलांचे. किती आहेत! ते मात्र बघवत नाहीत.

तू येशील तेव्हा आधी राजधानी वॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. मेलकार्त देवाला दोन भावांनी वाहिलेला संगमरवरी स्तंभ तिथे आहे. त्याचा जोडीदार पॅरिसला, लूव्र संग्रहालयात. लेख फिनिशियन आणि ग्रीक अशा दोन्ही लिपींत आहे, भावांची नावंही दोन्हींत वेगवेगळी. त्याच्याच आधारे बार्तेलेमी या फ्रेंच अभ्यासकाने १७५८ मध्ये फिनिशियन लिपी वाचली. ते बघून मग रबातला जा. पायऱ्या गुळगुळीत आहेत, बूट चांगले घाल.

तुझा,
बाबा