चार डबे आणि कॅफीनचा हिशेब

ग्वाल्हेर

चि. सोन्यास, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला डब्यांचा फोटो मोठा करून पाहिला. व्हे प्रोटीन (दुधातलं), स्नायूंच्या ताकदीसाठीचं क्रिएटिन, व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायची प्री-वर्कआउट पूड आणि चरबी घटवायच्या कॅप्सूल म्हणजे फॅट बर्नर. पहिली दोन एकत्र घ्यायला हरकत नाही. उरलेल्या दोघांत मात्र मुख्य माल एकच आहे, कॅफीन.

आता हिशेब मांड. प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये 200 मिग्रॅ. फॅट बर्नरच्या दोन कॅप्सूल मिळून आणखी 200. इंदूरच्या भंवरकुव्याला क्लासआधी घेतोस तो कॉफीचा मग 80 ते 90 चा, आणि दोन कप चहाचे साधारण 70. झाले साडेपाचशे. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 आणि एका वेळी 200 मिग्रॅ ही मर्यादा मानतात. लेबल वाचताना ग्वाराना, ग्रीन कॉफी अर्क, यर्बा माटे, कोला नट हेही मोज, कारण त्या सगळ्यांतून कॅफीनच येतं. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहिलेल्या डब्यात कशाचं किती ते कळतच नाही. तो पुन्हा घेऊ नकोस.

संध्याकाळी साडेसहाला घेतलेल्या 200 पैकी साधारण निम्मं कॅफीन रात्री साडेअकराला अंगात असतंच. झोप तुटते, दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि चरबी घटवायला घेतलेली कॅप्सूल रात्री तुला सराफ्याच्या खाऊगल्लीत नेऊन उभी करते. तिनं थोडा वेळ जी जास्तीची ऊर्जा जळते, ती एका प्लेट जिलेबीत परत येते.

म्हणून फॅट बर्नर बंद. त्यात ग्रीन टी अर्कही आहे. प्यायचा ग्रीन टी वेगळा आणि हा दाट अर्क वेगळा: दिवसाला 800 मिग्रॅ किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) पोटात गेलं की काहींच्या यकृताला सूज येते, उपाशीपोटी घेतल्यास धोका अधिक. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं ही त्याची खूण. योहिम्बीन किंवा सिनेफ्रिन ही उत्तेजकं लिहिलेली असेल तर कॅफीनबरोबर रक्तदाब आणि नाडी दोन्ही चढतात. आणि जिममधला कुणी चरबी उतरवायची म्हणून बिनलेबलाची 'कटिंगची गोळी' देऊ लागला तर घ्यायची नाही. क्लेनब्युटेरॉल (दम्याचं औषध), थायरॉईडची गोळी, डीएनपी हे विषारी रसायन असलं काहीही त्यात असू शकतं. डीएनपीनं माणसं मेली आहेत, त्यावर उतारा नाही.

प्री-वर्कआउट ठेवायचंच असेल तर आठवड्यातून तीनदा, अर्धा स्कूप, पाण्यात विरघळवून. कोरडी पूड तोंडात टाकायची नाही. ठसका लागतो आणि सगळं कॅफीन एकदम पोटात जातं. त्या दिवशी कॉफी नाही. मुंग्या आल्या तर घाबरू नकोस, ते पुडीतल्या बीटा-ॲलनीन या घटकामुळे. सर्दीच्या गोळ्या चालू असताना मात्र बंद ठेव, त्यांतल्या काहींत स्यूडोएफेड्रिन असतं, त्यानं नाडी आणखी पळते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर कॅफीन शरीरातून लवकर जातच नाही.

क्रिएटिन रोज 3 ते 5 ग्रॅम, कोणत्याही वेळी. सुरुवातीला रोज 20 ग्रॅम घेण्याची, म्हणजे लोडिंगची, गरज नाही. पहिल्या आठवड्यांत काटा एक-दोन किलो वर जाईल. ते स्नायूंतलं पाणी, चरबी नव्हे. इथेच मुलं घाबरून जेवण तोडतात. दर रविवारी सकाळी बेंबीवर टेप लावून कंबर मोज, ती खरं सांगेल. रक्त तपासायला गेलास तर डॉक्टरांना क्रिएटिनचं आधी सांग, नाहीतर मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलेलं पाहून मूत्रपिंडाचीच चौकशी सुरू होईल.

तुझ्या 82 किलोंना रोज 130 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं. तीन अंडी 18, कोरडे सोयाबीन चंक्स 50 ग्रॅम म्हणजे 26, पनीर 100 ग्रॅमचे 18, दोन वाट्या घट्ट वरण 14, मोठी वाटी दही 8, चार पोळ्या 14, व्हेचा एक स्कूप 24. बेरीज 122. आणखी एक अंडं खा, पुरे. दुसरा स्कूप लागत नाही. जेवणात 400 कॅलरींची तूट ठेव. आठवड्याला तीनशे-चारशे ग्रॅम उतरले की ठीक चाललंय. एकदम हजारानं तोडशील तर चरबीबरोबर स्नायूही जातील.

एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू कर, दोन आठवडे थांब. नाहीतर पोट बिघडलं तर कुणामुळे ते समजणार नाही. बसल्या बसल्या नाडी 100 च्या वर राहिली तर त्या दिवशी काहीच नको. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर 108 ला फोन, नंतर मला.

फॅट बर्नरच्या मागच्या बाजूचा फोटो पुन्हा पाठव. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर त्यात अंधुक दिसतोय, शेवटचे चार आकडे वाचता आले नाहीत.

तुझी,
आई