सोनूस, नगरहून

प्रिय सोनू,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमच्या बंगळुरूच्या वर्शिपचा व्हिडिओ आईने टीव्हीवर लावला. शेजारच्या काकूंनाही बोलावून आणलं. वरच्या पट्टीत गेलास तिथे आजोबाच ऐकू आले, शेवटचा स्वर तसाच ओढून धरतोस. छाती भरून आली. ड्रम मात्र जरा कमी करा रे, शब्द बुडतात.

फोनवर म्हणालास, "पप्पा, तुमची त्या 'उपासना संगीत' गीतपुस्तकातली गाणी रडकी आहेत." मी गप्प बसलो. दादाचं नाव निघालं की तूही असाच गप्प होतोस. असो, आज तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

रडकी आहेत, कबूल. पण रडणारा काय मागतो ते बघ. ५१ व्या स्तोत्रात दावीद राजा आहे, राज्य आहे, महाल आहे, आणि मागतो काय, तर शुद्ध हृदय. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तोवर आपल्या मंडळ्यांत विलायती चालींवरची तर्जुम्याची गीतं फार. टिळकांनी अभंग, भजनं दिली, पेटी-तबला-झांजेवर बसणारी. त्यांच्या एका भजनात तर देव जितका लाभतो तितकी त्याची भूक वाढतच जाते. डोंगरावर प्रभूने धन्य म्हटलं ते नीतिमत्त्वाच्या भुकेल्या-तान्हेल्यांना, पोट भरलेल्यांना नव्हे.

आजोबा ते भजन म्हणताना मध्येच थांबायचे, भाता नुसता हलवत राहायचे. एका रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी ते पेटी झाकून उठले आणि तडक मागच्या बाकावर, थोरल्या आजोबांकडे गेले. दोघांचं बांधावरून बोलणं बंद होतं. काय बोलले कुणालाच कळलं नाही. पाळकसाहेब घड्याळ बघत उभे. मग परत येऊन पेटी उघडली, आणि पहिलाच सूर चुकला! मी तेव्हा झांज वाजवायचो, हसू आवरेना.

बघ, आलोच ना तिथे. नैवेद्य वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या ५ व्या अध्यायात आहे, तुला पाठ आहे. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देव तर सरळ सांगतो, तुमच्या गीतांचा गोंगाट नको, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. तू माईकवर डोळे मिटून "मला धार्मिक कर" म्हणतोस, तेव्हा मला भीती वाटते की गाण्यातच ती भूक भागून जाते की काय.

झालं, प्रवचन सुरू झालं माझं. माफ कर. घराच्या कागदांवर दादाने तुला न विचारता पुढचं पाऊल टाकलं, ते मलाही पटलेलं नाही, त्याच्या तोंडावर सांगितलंय. वहिनी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

जेवण वेळेवर करतोस ना? डॉक्टरांनी मला पुढच्या महिन्यात परत बोलावलंय, तसं काही नाही, आईला उगीच विचारत बसू नकोस. नाताळला आलास तर संडे स्कूलच्या पोरांना तुझं ते नवीन गाणं शिकव, मी तबल्यावर बसतो, जमेल तसं.

दादाचा नंबर बदललाय. मागच्या बाजूला लिहिलाय. मागितला नव्हतास, माहीत आहे.

तुझा,
पप्पा