कागदावर उतरवून ठेवण्याविषयी

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वाचायला बसलो की चार ओळींनंतर मन भलतीकडेच जाते, असे तुम्ही म्हणालात. आणि आई, खोलीत गेल्यावर कशासाठी आले तेच आठवत नाही, ही तुझी तक्रार. दोघांनीही हे सारे वयाच्या माथी मारून विषय संपवलात. मला ते पुरते पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एका वेळी लक्षात धरून ठेवण्याची मनाची जागा कोणत्याही वयात लहानच असते. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने ती साधारण सात गोष्टींची मानली होती. २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी तो अंदाज चारच्या आसपास आणला. वय वाढल्यावर काय होते, याविषयी लिन हॅशर आणि रोझ झॅक्स यांनी १९८८ मध्ये मांडलेली कल्पना मला तुमच्या तक्रारींना चपखल वाटते: अनावश्यक विचार त्या जागेबाहेर ठेवणे उतारवयात अधिक कठीण जाते. तुमच्या मनात एकाच वेळी बँकेतली वारसनोंद, लांबलेली डोळ्यांची तपासणी, मावशीला द्यायचे राहिलेले उत्तर, गळका नळ आणि माझी काळजी एवढे सारे असते. (त्यातली शेवटची गोष्ट वगळायला हरकत नाही, पण ते तुम्ही ऐकणार नाही.) मग समोरच्या ओळीला जागा उरणार कुठून?

‘विचार करू नका’ असे मी सांगणार नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मधल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात ते अस्वलच पुनःपुन्हा येत राहिले. त्यापेक्षा २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांना जे आढळले ते अधिक उपयोगाचे आहे. अपुरे काम वाचनाच्या मध्ये मध्ये डोकावत राहते. पण ते कधी, कुठे आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, तर प्रत्यक्षात काहीही केलेले नसतानाही त्याचा त्रास ओसरतो. म्हणून अशी राहिलेली कामे एका वहीत उतरवून ठेवा. पण नुसते ‘बँक’ असे लिहून भागणार नाही. ‘मंगळवारी अकरा वाजता, पासबुक आणि ओळखपत्र घेऊन’ इतके तपशीलवार लिहायला हवे. ज्या काळजीवर करण्याजोगे काहीच नसते, ती वहीत मावत नाही. ती मला सांगत जा.

हे लिहिण्याची वेळ झोपण्यापूर्वीची असावी. मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मधल्या प्रयोगात ५७ जणांपैकी काहींनी झोपण्याआधी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी केली आणि उरलेल्यांनी झालेल्या कामांची. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. ती सगळी तरुण मंडळी होती, त्यामुळे तुमच्या बाबतीत नेमके तसेच होईल असे वचन मी देत नाही. मात्र रात्री दोनला उठून नळाचा विचार करण्यापेक्षा हे नक्कीच बरे.

बाबा, बातम्या चालू ठेवून वाचू नका, एवढे मात्र निक्षून सांगते.

आणि एक गोष्ट वहीच्या आड लपवू नका. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारणे किंवा नेहमीचे व्यवहार न जमणे असे काही होऊ लागले, तर ती मनातल्या विचारांची नुसती अडगळ नव्हे. तेव्हा डॉक्टरांकडेच जायचे, आणि त्याआधी मला कळवायचे.

दोघांच्या वह्या वेगळ्या ठेवा, नाहीतर आईची कामे बाबांच्या यादीत आणि बाबांची आईच्या यादीत जातील. वारसनोंदीसाठी माझी कोणती कागदपत्रे लागतील ते बँकेत विचारून घ्या. मी लगेच पाठवते.

तुमची,
लेक