दस्त्यावरचा रंग खरवडू नका

महोदय,

जुन्या बंदुकांची ‘साफसफाई’ करताना रंगवलेले दस्ते (नळी बसवलेला लाकडी भाग) खरवडून लाकूड उघडे पाडण्याची चाल थांबायला हवी. अनेकांना हा रंग नंतर कोणीतरी फासलेला वाटतो. पण १७व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सैनिकांच्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडणाऱ्या, बंदुकांचे दस्ते काळे रंगवलेले आढळतात, आणि आपल्याकडे मुघल व राजस्थानी बंदुकांच्या दस्त्यांवर लाखेच्या रोगणाखाली सोनेरी वेलबुट्टी काढलेली असते. रंगामुळे साध्या लाकडात ओल शिरत नसे, सांधेही झाकले जात.

रंग मूळचा की नंतरचा, हे आडजागी कळते. बंदूक रिकामी असल्याची जाणकाराकडून खात्री झाल्यावरच चापाची पट्टी, म्हणजे बार उडवणारी कळ जिच्यावर बसवलेली असते ती दस्त्याच्या बाजूची धातूची पट्टी, उतरवावी. तिच्या कडेशी रंग कसा संपतो ते भिंगाने पाहा. तो पट्टीखाली गेलेला असेल तर पट्टी बसवण्याआधी किंवा ती उतरवून रंगवले आहे. पट्टीच्या कडेलाच थबकून धातूवरही सांडला असेल तर तो बहुधा नंतरचा. अतिनील प्रकाशात लाखेचे रोगण नारिंगी चमकते.

स्पिरिटचा बोळा लावला की लाख विरघळते आणि खालची नक्षी त्याबरोबर पुसली जाते. पॉलिश पेपर तर नकोच. जुन्या रंगांतले शेंदूर आणि सफेदा बहुधा शिशाचे असतात, त्यांची धूळ विषारी. दस्त्याला चोळलेले जवसाचे तेल वर्षानुवर्षे काळवंडत जाते, मग निघता निघत नाही. पापुद्रे सुटत असतील तर दस्ता आडवा ठेवून संवर्धकाला बोलवावे. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली, तर नवे पापुद्रे सहसा सुटत नाहीत.