कोकमाच्या बाटलीवर पत्ता हवा

संपादक महोदय,

‘स्थानिक माल घ्या’ हे आवाहन लोक मनावर घेतात, बचत गटांच्या स्टॉलवर आनंदाने खरेदीही करतात. अडचण दुसऱ्या खरेदीला येते. प्रदर्शन चार दिवसांत उठते, सरबत महिन्याभरात संपते आणि रिकाम्या बाटलीवर कित्येकदा गटाच्या नावापलीकडे काहीच नसते. पूर्ण पत्ता नाही, फोन नाही, माल कधी भरला याची तारीख नाही. चांगला माल करणाऱ्या बायकांचे हक्काचे गिऱ्हाईक असे तुटते, याचे फार वाईट वाटते.

कोकमाचेच घ्या. या एका फळापासून खायचा आणि अंगाला लावायचा असा दोन्ही माल होतो. आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, मीठ असते, साखर नसते, ते सोलकढीला. सरबताच्या पाकाला मात्र सालींच्या दुप्पट साखर लागते. ती वाचवली की पाक आंबतो आणि झाकण उघडताच फसफसून वर येतो. रंगाची शंका असेल, तर चमचाभर पाक पाण्यात कालवून त्यात दोन चिमूट खायचा सोडा टाकावा. फेस बसल्यावर कोकमाचा मूळचा लाल रंग जांभळट-काळपट पडतो. लालभडकच राहिला, तर वरून रंग घातला असण्याची दाट शक्यता. जुना पाक तपकिरीकडे झुकतो, ती भेसळ नव्हे. पण म्हणूनच भरल्याची तारीख हवी.

टाचांच्या भेगांसाठी कोकम तेलाचे गोळे मिळतात. हे तेल 40 अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे थंडीत गोळा दगडासारखा होतो. तुकडा वाटीत कोमट करून लावावा. बिया नीट वाळल्या नाहीत किंवा पावसाळी हवेत दमट राहिल्या, तर तेल खवट होते. सुगंध घातला की तो खवटपणा झाकला जातो, म्हणून बिनवासाचा गोळाच मागावा.

खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक असतो. पहिला अंक 1 असेल तर परवाना, 2 असेल तर नोंदणी. लहान गटांचा बहुधा 2 ने सुरू होतो आणि त्यात कमीपणा काही नाही. साबण, ओठांचे मलम, चेहऱ्याचा लेप यांना मात्र हा क्रमांक लागू पडत नाही. ती सौंदर्यप्रसाधने. त्यांच्यावर 2020 च्या नियमांप्रमाणे उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक (साबणावर त्याऐवजी उत्पादनाचा महिना आणि वर्ष), घटकांची यादी आणि वापराची मुदत हवी. साबण कधी ओतला हेही विचारावे. थंड पद्धतीचा, म्हणजे न शिजवता केलेला, साबण चार ते सहा आठवडे सुकू द्यावा लागतो. घाईने विकलेला ओला साबण न्हाणीघरात भराभर विरघळतो आणि सुकता सुकता वजनालाही घटतो. ग्राहकाला वाटते, फसवले.

स्वतंत्र जागा, तांत्रिक माणूस आणि परवाना हे दहा जणींच्या गटाला झेपणारे नाही. तालुक्याला एक परवानाधारक युनिट असावे आणि गटांनी आपला साबण, मलम तिथे करून घ्यावे, अशी सोय शासनाने करायला हवी. बचत गटांसाठीचे शासनाचे उमेद अभियान असो की जिल्हा परिषद, स्टॉल देण्याआधी प्रत्येक मालाचा एकेक नमुना मागवून लेबल तपासावे. ज्यांचे लेबल अपुरे असेल त्यांना परत न पाठवता प्रदर्शनाच्या जागीच ते छापून द्यावे. लहान लेबल प्रिंटर एवढ्या कामाला पुरतो. आणि कोणता गट काय बनवतो, माल कोणत्या महिन्यात तयार असतो, कुरिअरने पाठवतो का, फोन कोणता, ही यादी प्रदर्शन उठल्यावरही वर्षभर लोकांना पाहता येईल अशी ठेवावी.

— एक वाचक, रत्नागिरी