सहलीच्या फायलीत पाहणीचा कागद कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरू लागल्या की पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या टेबलावर साहसी शिबिरांची गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रके येऊन पडतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला सहल म्हटले की प्रतापगड, रायगड, नाहीतर कोल्हापूर-गणपतीपुळे एवढाच विचार होई. एसटीची गाडी निम्म्या भाड्यात मिळे आणि डब्यात घरची पुरी-भाजी असे. आता पालकांना आणि मुलांनाही झिपलाइन (तारेवरून घसरत जाणे), बर्मा ब्रिज (दोरांचा झुलता पूल), रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणे), राफ्टिंग (रबरी होडीतून नदीत जाणे) हवे असते. यात गैर काही आहे असे मला वाटत नाही. वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा दोरावरून सर्वांत आधी उतरतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ताठ मानेने बसतो, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षे भूगोल शिकवताना बऱ्याच सहलींचा सहलप्रमुख म्हणून मी काम केले. या सहली बंद व्हाव्यात म्हणून हे पत्र लिहीत नाही. त्या ठरवण्याच्या आपल्या रीतीत एक मोठी उणीव राहून गेली आहे, तिच्याकडे लक्ष वेधावे, एवढाच हेतू आहे.

सहलीच्या परवानगीसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयात जाणारी फाइल चांगली जाडजूड असते. तीत विद्यार्थ्यांची यादी, पालकांची संमतीपत्रे, शाळा समितीचा ठराव, गाडीची कागदपत्रे, प्रवासाचा मार्ग आणि सोबतच्या शिक्षकांची हमीपत्रे असतात. ज्या केंद्रावर आपण चाळीस-पन्नास मुले नेणार आहोत, ते केंद्र शाळेतील कोणीतरी स्वतः जाऊन पाहिले आहे, असे सांगणारा कागद मात्र मी तयार केलेल्या बहुतेक फायलींत नव्हता आणि तो कोणी मागितलाही नाही.

या कागदाचे मोल मला 2017 साली कळले. त्या वर्षी आठवीच्या सहलीसाठी मुळशीच्या बाजूचे एक केंद्र आमच्या मनात होते. एका रविवारी मी आणि आमचे क्रीडाशिक्षक तिथे गेलो. जाताना शाळेतील शिपाईमामांच्या सहावीतल्या मुलाला सोबत घेतले. त्याचे वजन जेमतेम अठ्ठावीस किलो होते, आणि त्याला नेण्याचे कारणही तेच होते. केंद्रचालकांनी अगत्याने चहा पाजला, सगळे फिरून दाखवले. मग मी त्यांना म्हटले, "या मुलाला हार्नेस घालून दाखवा." हार्नेस म्हणजे दोराला अडकवण्यासाठी कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे. त्यांच्याकडचा सर्वांत लहान हार्नेस घातला, कमरेचा पट्टा बकलातून शेवटच्या टोकापर्यंत ओढला, तरी मुलाची कंबर आणि पट्टा यांच्यामध्ये माझा अख्खा पंजा जात होता. असे मूल डोके खाली होऊन उलटे झाले, तर हार्नेसमधून सहज निसटेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मांडीच्या एका पट्ट्याची शिवण उसवून दोऱ्याचे फुंदे बाहेर आले होते आणि उन्हाने कापड इतके विटले होते की मूळ रंग लाल की नारिंगी, यावर आम्हा दोघांत मतभेद झाला. "चालतं सर, रोज मुलं करतात," असे चालक हसून म्हणाले. आम्ही त्या केंद्रावर मुले नेली नाहीत. मात्र माहितीपत्रकात त्याच केंद्राचा फोटो इतका सुरेख होता की कार्यालयात बसून निर्णय घेतला असता, तर आम्ही नक्कीच गेलो असतो.

पाहणी करणाऱ्याला गिर्यारोहणाचे शिक्षण हवेच असे नाही. साधी नजर आणि विचारण्याची हिंमत पुरते. हार्नेस, हेल्मेट आणि कॅराबिनर (दोर आणि हार्नेस जोडणारी धातूची कडी) यांच्यावर युरोपीय मानकाचा सीई किंवा आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचा यूआयएए हा शिक्का असतो. कॅराबिनरवर तो किती भार पेलतो, हे किलोन्यूटन या एककात कोरलेले असते. या खुणाच नसतील, तर वस्तू बांधकामाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानातून आली असावी, अशी शंका घ्यायला जागा असते. झिपलाइनवर मुलाला अडकवताना कॅराबिनरचा स्क्रू फिरवून बंद केला जातो का, मुख्य दोराखेरीज दुसरा आधार असतो का, पलीकडच्या टोकाला मूल थांबवणारा माणूस उभा असतो की नुसते टायर टांगलेले असतात, हे कोणालाही डोळ्यांनी दिसते. हेल्मेट डोक्यावर बसते की डोळ्यांवर येते, हे तर आईसुद्धा सांगेल.

कागद पाहायचाच, तर योग्य तो पाहावा. राज्य शासनाने 24 ऑगस्ट 2021 रोजी साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरील साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. आधी तात्पुरते प्रमाणपत्र मिळते आणि नंतर अंतिम. शाळेने त्याची प्रत मागावी, ते तात्पुरते आहे की अंतिम हे पाहावे आणि आपण जो प्रकार करणार आहोत त्याचीच ती नोंदणी आहे, याची खात्री करून घ्यावी. तंबूत मुक्काम देण्याच्या परवानगीवर कोणी मुलांना दरीत उतरवत असेल, तर भिंतीवरच्या चौकटीतल्या प्रमाणपत्राने काय साधले?

मात्र हे प्रमाणपत्र ज्या केंद्राचे, त्याच केंद्रावर आपली मुले पोहोचतील, याचाही भरवसा नसतो, आणि खरी गोम इथेच आहे. आज बहुतेक शाळा थेट केंद्राशी बोलतच नाहीत. शाळा एजंटाशी बोलते, एजंट बस ठरवतो आणि केंद्राला काम देतो. केंद्रावरचे इन्स्ट्रक्टर तिसऱ्याच माणसाने हंगामापुरते आणलेले असतात. पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक फुकट, असा प्रघात असल्याने शाळेलाही ही सोय बरी वाटते. एका वर्षी आम्ही याच वाटेने गेलो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एजंटाचा फोन आला की ठरलेले केंद्र भरले आहे, पण "त्याहून भारी" जागा मिळाली आहे. पोहोचलो तेव्हा दिसले की सेहेचाळीस मुलांसाठी अठराच हेल्मेट होती. एकाच्या डोक्यावरचे घामेजलेले हेल्मेट काढायचे आणि दुसऱ्याला घालायचे, असे करता करता सव्वापाच वाजले. डिसेंबरात सह्याद्रीच्या कुशीत सहाच्या सुमारास अंधारून येते, आणि अजून अकरा मुले दरी ओलांडायची राहिली होती. इन्स्ट्रक्टर दमले होते. त्यातला एक तर सकाळपासून न जेवता उभा होता, हे मी पाहत होतो. मी तिथेच थांबवले. अकरा मुले रडली. त्यांचे पालक शाळेत येऊन पैसे परत मागू लागले, एजंटाने हात वर केले, आणि "सहलीत व्यत्यय का आणला" याचा लेखी खुलासा व्यवस्थापनाने माझ्याकडून घेतला. तो मी दिला. पण त्यानंतर आमच्या शाळेतला कोणता तरुण शिक्षक ऐनवेळी "नाही" म्हणायला धजावेल, हा प्रश्न मला आजही पडतो.

पाण्याजवळच्या उपक्रमांबाबत तर ही जबाबदारी आणखी गंभीर आहे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. 8 जून 2014 रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे चोवीस अभियांत्रिकी विद्यार्थी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. या शेवटच्या घटनेचा आपल्या सहलींशी काय संबंध, असे कोणी विचारेल. कोलाडला कुंडलिका नदीत वर्षभर राफ्टिंग होते, ते मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून नदीत सोडले जाते म्हणून. ते पाणी वीजनिर्मितीच्या वेळेनुसार येते. सकाळी जिच्यातून राफ्ट उड्या मारत जाते, ती नदी इतर वेळी गोटे दिसणारी, मुलांना खुणावणारी, निरुपद्रवी वाटणारी असते. पाणी केव्हा सुटणार, हे केंद्राने शाळेला लेखी सांगितले पाहिजे आणि त्यावरून दिवसाचे वेळापत्रक ठरले पाहिजे; आज जेवणाची वेळ आधी ठरते आणि बाकी सारे तिच्या मागून.

किनाऱ्यावरचेही तेच. कोकणातले कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. माझ्या वर्गात हा हिशोब मुले हौसेने सोडवत असत. पण सहलीची तारीख निवडताना कॅलेंडरमधली तिथी पाहिलेली शाळा मला भेटलेली नाही. रविवारला जोडून सुट्टी येते का, तेवढे पाहिले जाते. (यात आमचीही शाळा आलीच.)

या संदर्भात ब्रिटनमधील एक घटना सांगण्यासारखी आहे. 22 मार्च 1993 रोजी लाइम बे या उपसागरात प्लिमथच्या शाळेतील मुलांना एका साहसी केंद्राने छोट्या वल्ह्याच्या होड्यांतून समुद्रात नेले. मुले नवशिकी होती, संकटात इशारा देणारी साधने सोबत नव्हती. चार मुले दगावली. पुढे उघड झाले की त्याच केंद्रातील दोन प्रशिक्षकांनी आदल्या वर्षी सुरक्षेच्या त्रुटी दाखवणारे पत्र मालकांना लिहिले होते आणि मग काम सोडले होते. 1994 साली ती कंपनी आणि तिचा संचालक दोघेही मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले, आणि 1995 साली अठरा वर्षांखालील मुलांना असे उपक्रम विकणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. मला यातला कायदा जितका महत्त्वाचा वाटतो, तितकेच ते दुर्लक्षित राहिलेले पत्र. आपल्याकडेही केंद्रावरच्या पोरांना काय तुटके आहे, काय कमी आहे, हे चोख ठाऊक असते. पाहणीला गेलेल्या शिक्षकाने मालकाबरोबर चहा घेऊन झाला की स्वयंपाकघराच्या मागे बसलेल्या त्या पोरांशीही दहा मिनिटे बोलावे.

संमतीपत्राबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे. "काही बरेवाईट झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही" या ओळीखाली सही घेतली की आपण सुटलो, अशी समजूत व्यवस्थापनात पक्की बसली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा, पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 304-अ आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम 106, पालकाच्या सहीने पुसला जात नाही. त्या ओळीऐवजी मुलाला दमा आहे का, फिट येते का, कोणते औषध चालू आहे, त्याला पोहता येते का, उंचीची भीती वाटते का, हे त्याच पानावर विचारले, तर तो कागद निदान कामाला येईल. दम्याचा पंप बसमध्ये बॅगेत राहिला आणि मूल दोरावर, असा प्रसंग माझ्या सहलीत येता येता टळला आहे.

प्रत्येक दुर्घटनेनंतर नवे परिपत्रक निघते, काही काळ सहलींवर संक्रांत येते आणि दोन-तीन हंगामांनी सारे पूर्ववत सुरू होते. त्यामुळे नव्या बंदीची मागणी मी करत नाही. जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी कार्यालयाने साहसी केंद्रावर जाणाऱ्या प्रत्येक सहलीच्या प्रस्तावासोबत एक पाहणी अहवाल मागावा. तो सहलीबरोबर प्रत्यक्ष जाणाऱ्या शिक्षकानेच, केंद्रावर जाऊन, तारीख घालून लिहिलेला असावा. साहित्य किती आहे आणि मुलांच्या मापाचे आहे का, प्रशिक्षक किती आणि ते कुठे शिकले, जवळचे रुग्णालय गाडीने किती मिनिटांवर आहे, 108 क्रमांक लावायला तिथे मोबाइलची रेंज येते का, हे त्यात असावे. केंद्राशी करार शाळेचा असावा, एजंटाचा नव्हे. त्यात जागा बदलणार नाही, आणि शिक्षकाने सुरक्षेसाठी उपक्रम थांबवल्यास त्या मुलांचे पैसे परत मिळतील, ही दोन वाक्ये असली, की माझ्यासारख्याला खुलासा लिहीत बसावे लागणार नाही. असा अहवाल मागायला मंत्रालयातून काही येण्याची वाट पाहावी लागत नाही, परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला तो आजही मागता येतो.

खर्चाचा प्रश्न निघेल, म्हणून तोही सांगून टाकतो. आमच्या 2017 च्या त्या पाहणीला तिघांचे एसटीचे जाण्यायेण्याचे तिकीट आणि दुपारचे जेवण एवढाच खर्च आला होता. तो सहलीच्या वर्गणीत घातला असता, तर दर मुलामागे एका वडापावचेही पैसे वाढले नसते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
सातारा